हगाम्याची कुळकथा

कोल्हापूर-सांगलीकडे कुस्त्यांचं ‘मैदान’ भरतं, नगर जिल्ह्यात ‘हगामा’ भरतो. ग्रामदैवताची यात्रा आली की आधी देवाचा मान आणि मग पैलवानांचा, हा इथला शिरस्ता. कर्जतला आषाढ वद्य एकादशीला गोदड महाराजांचा रथ निघतो आणि दुसऱ्या दिवशी आखाड्यात हलगी कडाडते. पाथर्डी तालुक्यात मोहटादेवीच्या यात्रेतही हगाम्याचा मान ठरलेला असतो. ज्या गावाचं नाव तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नाही, तिथंही यात्रेच्या हँडबिलावर शेवटच्या कुस्तीचं इनाम ठळक छापलेलं असतं.

ह्या मातीतला लढतीचा शौक थेट शहराच्या जन्मापर्यंत मागे जातो. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेशी फारकत घेऊन निजामशाही स्थापली आणि पुढे भिंगारजवळ सीनाकाठी नगर वसवलं. नगरच्याच दरबारात वाढलेल्या फरिश्ता ह्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की ह्या सुलतानाला तलवारीच्या एकास एक लढतींचा भारी नाद होता. राजाला आवडतं म्हटल्यावर शहरातली तरणी पोरं तलवारीच्या तालमींकडे धावली. लढती राजवाड्याच्या आवारात होऊ लागल्या आणि पुढे पुढे रोज एखाद-दुसरा मुडदा पडू लागला. तेव्हा सुलतानाने ह्या लढती किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या जागी, काळ्या चबुतऱ्यापाशी हलवल्या आणि दंडक घालून दिला: दोघं लढत असताना मध्ये कुणी पडायचं नाही, आणि एखादा मेलाच तर त्याच्या माणसांनी सूड मागायचा नाही. नगरची ही रीत पुढे दख्खनभर पसरली.

तलवारीची झुंज वेगळी, मातीतली कुस्ती वेगळी. पण लढतीचं वैर रिंगणाबाहेर न्यायचं नाही, हा नगरातला दंडक हगाम्यालाही लागू आहे. सलामीच्या वेळी पैलवान चिमूटभर माती उचलून कपाळाला लावतो, समोरच्याच्या हातावर ठेवतो, आणि मगच खडाखडी सुरू होते. कुस्ती निकाली झाली की पडलेल्याला उठवायला पहिला हात जिंकणाऱ्याचा येतो.

इंग्रजी अमलात हत्यारांवर बंधनं आली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवार घेऊन फिरायलाही परवाना लागू लागला. लंगोटाला कुणाचा परवाना लागत नव्हता. मात्र कुस्तीला खुराक लागतो, आणि खुराकाला आश्रयदाता. कोल्हापूरला तो राजाच्या रूपाने मिळाला. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि १९१२ मध्ये खासबागेचं दगडी मैदान उभं राहिलं. नगर १८१८ नंतर कंपनी सरकारच्या मुलखात गेलेलं. इथं पैलवान पोसायला छत्रपती नव्हते. मग आश्रयदाता कोण? गाव. हगाम्याचं कूळ सांगायचं तर इथूनच सांगायला हवं. घरटी वर्गणी गोळा करायची, यात्रा कमिटीने तिच्यातून इनाम ठरवायचं, आणि आखाडाही एका दिवसापुरता, कुणाच्या तरी मोकळ्या रानात करायचा. रान नांगरून ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, माती भुसभुशीत झाली की आखाडा तयार. दगडी मैदान नसल्याने काही अडलं नाही. उलट, आखाडा प्रत्येक गावाच्या दारात आला.

दुपारी पहिली माती लागते ती पोरांच्या अंगाला, रेवड्यांवरच्या कुस्त्यांत. सहा-सात वर्षांची पोरं चड्डीवर रिंगणात येतात. फेटा बांधलेला जुना पैलवान एखाद्याचा दंड धरून त्याला रिंगणभर फिरवतो आणि ओरडतो, “आहे का रं जोड?” गर्दीतून दुसरं पोरगं पुढे ढकललं जातं. दोघांची उंची, छाती नजरेनेच मापली जाते. जोड लागली की हलगी वाजते. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात, हरणाऱ्यालाही पंच रिकाम्या हाती जाऊ देत नाहीत. मग नारळावरच्या कुस्त्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, हजारांच्या. उन्हं उतरतात तसा आकडा चढत जातो. दिवस मावळता मावळता शेवटच्या मानाच्या कुस्तीला नावाजलेले पैलवान उतरतात, त्याच मातीत, जिथं दुपारी रेवड्यांसाठी पोरं झोंबली होती.

अमेरिकेतला बेसबॉल गावाने पोसलेल्या ह्या हगाम्याच्या अगदी उलट्या वाटेने गेला. तिथं लहान लहान शहरांचे संघ ‘मायनर लीग’मध्ये खेळतात. १९२० च्या दशकात ब्रँच रिकी ह्या व्यवस्थापकाने सेंट लुईस कार्डिनल्ससाठी असे संघ एकेक करून पदरी बांधले, म्हणजे पोरं खाली घडवायची आणि तयार झाली की वर न्यायची. गावकरी त्या संघांवर जीव टाकतात, पण खेळाडू कुठं पाठवायचा ते वरचा क्लब ठरवतो. २०२१ मध्ये वरूनच फेररचना झाली आणि चाळीसहून अधिक संघ त्या साखळीबाहेर पडले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ह्या संघांसाठी टाळ्या वाजवल्या, त्यांना कुणी विचारलं नाही.

हगाम्याच्या डोक्यावर असा मालक नाही. महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून दिला जातो. नगरच्या वाडिया पार्कातही ही स्पर्धा रंगली. २०१४ साली नगरलाच विजय चौधरीने आपली पहिली गदा खांद्यावर घेतली आणि २०२५ मध्ये इथंच पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला. पण केसरीची स्पर्धा पुढच्या साली कुठंही जाओ, कर्जतचा हगामा कर्जतलाच भरणार. त्याची तारीख पंचांगात आहे.

जुन्या हगाम्यात मुलींना जागा नव्हती, ही त्याची मोठी उणीव. ती आता भरून निघते आहे. श्रीगोंदा तालुक्यातली भाग्यश्री फंड २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरी झाली, आणि आता गावोगावच्या हगाम्यांत मुलींच्या जोडी लागताना दिसतात. ज्या गावाने पोरांच्या कुस्तीला वर्गणी दिली, त्याने पोरींच्या कुस्तीलाही तितकीच द्यायला हवी.

धोका आहे तो वेगळाच. इनामांचे आकडे वाढले, शेवटच्या कुस्तीला बाहेरचे बडे पैलवान बोलावण्यात गावागावांत चुरस लागली, आणि वेळ पुरत नाही म्हणून पहिली कात्री लागते ती लहान पोरांच्या कुस्त्यांना. हे होता कामा नये. नामांकित पैलवान बघायला टीव्ही आहे, मोबाइल आहे. नात्यागोत्याच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीसमोर पोराने पहिल्यांदा पाठ मातीला लावून घ्यावी, उठून अंग झटकावं आणि पुढच्या यात्रेची वाट बघावी, हे शिक्षण फक्त हगामाच देतो. यात्रा कमिटीने इनामाची यादी करताना ती खालून करावी: आधी रेवड्या, मग नारळ, आणि उरेल त्यातून मानाची कुस्ती. राजा नसताना गावांनी हा खेळ ह्याच हिशेबाने जगवला आहे.