सिल्यानकाठी पेटीला मज्जाव

साल १९०६, ऐन उन्हाळा. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात, सिल्यान सरोवराच्या काठावरच्या गेसुंदा गावात तुम्ही उभे आहात. मागे गेसुंदाचा डोंगर, पुढे सरोवराचं पाणी. काठावर गर्दी जमली आहे. काही माणसं होड्यांतून आली आहेत, काही चालत. बायकांचे पोशाख बघा. त्यावरून कोण कुठल्या गावची ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. ती आडव्या रंगीत पट्ट्यांची कापडं नेसलेली बाई रेट्विकची. तुमच्याकडे कोणी वळूनही बघत नाही, कारण सगळ्यांचे कान समोर लागलेत.

समोर एक म्हातारा लाकडाचा लांबलचक कर्णा तोंडाला लावून उभा आहे. जरा पुढे सरका, वाद्य जवळून बघा. पाइनचं सरळ खोड मधोमध उभं चिरायचं, दोन्ही फाळी आतून कोरून पोकळ करायच्या, पुन्हा एकमेकींवर बसवायच्या आणि वरून भूर्जाची ओली साल घट्ट गुंडाळायची. साल वाळली की आवळते आणि फट बुजते. हो, त्याच भूर्जाच्या कुळातलं झाड, ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या. म्हातारा फुंकतो आणि तो सूर पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत जातो.

त्याच्यानंतर शिंगवाले येतात. गाईचं किंवा बोकडाचं शिंग, त्याला बोटांसाठी भोकं. ही दोन्ही वाद्यं मुळात मैफिलीची नव्हेतच. उन्हाळ्यात इथल्या पोरीबाळी गुरं घेऊन रानातल्या वाड्यांवर राहायला जात. गुरं हाकारायची, लांबच्या वाडीला सांगावा द्यायचा, अस्वला-लांडग्यांना पळवून लावायचं, ही सगळी कामं शिंगाची. त्या कामाच्या आवाजाला आज पहिल्यांदा श्रोते आणि परीक्षक मिळाले आहेत. वाजवणारे त्यामुळे थोडे बावरलेत.

मग फिडल. इथे ‘पोल्स्का’ नावाच्या नाचाच्या धुना वाजतात, तीन ठोक्यांच्या. पण ते तीन ठोके सारख्या अंतरावर पडत नाहीत. एक लांबतो, एक आखडतो, आणि कुठला किती हे गावागणिक बदलतं. तुम्ही ताल धरायला जाल आणि चुकाल. आणखी एक गोष्ट कानाला जाणवेल. काही सूर पियानोच्या पट्टीत बसत नाहीत, ते दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राहतात. आपल्या कानाला यात नवल वाटत नाही. पण नेमक्या याच सुरांसाठी आजचा हा सगळा घाट घातलेला आहे.

घाट घालणारा तो बघा, धिप्पाड, मिशाळ, सगळ्यांशी मूराच्या बोलीत बोलणारा. अँडर्स झॉर्न. १८६० साली इथल्याच मूरा गावी जन्मला. बाप जर्मन, बिअर बनवण्याच्या व्यवसायातला. मुलानं त्याला कधी पाहिलं नाही. आजोळच्या शेतावर वाढलेलं हे पोर गुरं राखता राखता लाकडाची चित्रं कोरायचं. पुढे लंडन, पॅरिस, अमेरिका असा फिरला, अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचं व्यक्तिचित्र त्यानं १८९९ मध्ये केलं. श्रीमंतांची चित्रं काढून रग्गड पैसा मिळवला आणि १८९६ मध्ये बायको एमासह मूराला परत आला तो कायमचा. जुनी लाकडी घरं पडायला लागली होती, ती विकत घेऊन त्यानं एका जागी नेऊन उभी केली.

क्षणभर नऊ वर्षं मागे चला. १८९७, मूराजवळचं मोर्कार्ल्बी गाव, मध्य-उन्हाळ्याच्या सणाची रात्र. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब, त्याच्याभोवती जोड्या गिरक्या घेताहेत. सूर्य कधीच मावळला, पण उजेड संपत नाही. मागची घरं तांबडी आहेत. हा रंग याच प्रांतातल्या फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा, राईचं पीठ घालून शिजवलेला. झॉर्न हे सगळं डोळ्यांत साठवतो आहे. त्याचं ‘मध्य-उन्हाळ्याचा नाच’ हे चित्र याच वर्षीचं, आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चित्रातल्या पायांकडे बघा. जमिनीला टेकलेलं पाऊल शोधावं लागतं.

आता परत गेसुंदाला. एवढी वाद्यं आली, पण एक दिसलं नाही. अकॉर्डियन. ते विसरलेलं नाही, त्याला मज्जावच आहे.

झॉर्नला अकॉर्डियनचा राग होता आणि कारण खोटं नव्हतं. कारखान्यात बनलेली स्वस्त वाद्यं गावोगाव पोचली होती. एकटा माणूस अख्खा नाच पेलू शकायचा, आवाज मोठा, शिकायला सोपं. फिडल मागे पडलं. त्यात धार्मिक पुनरुज्जीवनवाल्यांनी फिडलला सैतानाचं वाद्य ठरवलं होतं. आणि अकॉर्डियनच्या ठरीव पट्ट्यांत ते मधले सूर मावणारच नव्हते. धून तीच राहणार, पण तिचा चेहरा पुसला जाणार, ही त्याची भीती.

हे वाचताना तुम्हाला आपली पेटी आठवली असेल. अकॉर्डियन आणि पेटी एकाच कुळातल्या, हवेच्या दाबानं थरथरणाऱ्या धातूच्या पात्यांच्या. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी केली, तीही याच मुद्द्यावर: मींड निघत नाही, श्रुती सांभाळता येत नाहीत. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. त्या आधीच गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीतून काय काय काढून दाखवलं होतं आणि नाट्यसंगीत तिच्यावर उभं होतं, हे बंदी घालणाऱ्यांच्या कानी गेलं नसावं.

म्हणून मला झॉर्न अर्धाच पटतो. फिडलला व्यासपीठ दिलं, बक्षिसं ठेवली, हे त्यानं केलं नसतं तर कित्येक धुना माणसांबरोबर गेल्या असत्या. पण एका पैसेवाल्या चित्रकारानं ‘खरं गावाकडचं’ काय ते ठरवावं आणि गावानं स्वतः हौसेनं उचललेलं वाद्य दारात अडवावं, हे खटकतं. शनिवारी रात्री कोठारात अकॉर्डियनवर नाचणारी पोरंही गावचीच होती.

तरी गेसुंदा फळलं. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात देशभरातले वादक जमले, झॉर्ननं घडवलेलं पदक त्यांना मिळालं. झॉर्न १९२० मध्ये गेला, पण त्याच्या नावाच्या बिल्ल्यासाठी स्वीडनमधले लोकवादक आजही परीक्षकांपुढे वाजवतात.

आता दोन लांब उड्या. पहिली मागे, जवळजवळ ३८ कोटी वर्षं. आकाशातून एक प्रचंड दगड इथे आदळतो आणि पन्नास-एक किलोमीटर व्यासाचं विवर पडतं. सिल्यान आणि त्याच्या शेजारची तळी त्या जखमेच्या कंकणाकृती खोलगटात साठलेली आहेत. आपलं लोणारही अशाच आघाताचं, पण ते दोनेक किलोमीटरचं. दुसरी उडी पुढे, १९९५. रेट्विकजवळ चुनखडीची एक बंद पडलेली खाण, साठ मीटर खोल. तो चुनखडक त्याच आघातानं बनलेल्या खोलगटात टिकून राहिलेला. मार्गारेता देल्लेफोर्स या पूर्वाश्रमीच्या ऑपेरा गायिकेनं खुल्या रंगमंचासाठी जागा शोधता शोधता ही खाण आधीच हेरली होती, या वर्षी ती रंगमंच म्हणून खुली होते. आज तिचं नाव दालहल्ला. तुम्ही उतरत्या वाटेनं खाली जाता, सुमारे चार हजारांत जागा धरता, समोर पाण्यालगत मंच, आणि गाणाऱ्याचा आवाज उघड्या कड्यांवरून तुमच्यापर्यंत येतो. संध्याकाळी खाली गारठतं. स्वेटर हवाच.

खरोखर जायचं असेल तर मध्य-उन्हाळ्याचा सण गाठा. तारीख शोधत बसू नका: १९५३ पासून सणाची पूर्वसंध्या १९ ते २५ जूनच्या दरम्यानच्या शुक्रवारी येते. सिल्यानच्याच काठच्या लेकसान्दला खांब उभारताना सर्वांत मोठी गर्दी असते, तेव्हा राहायची सोय काही महिने आधीच करून ठेवा. १८७६ साली बांधलेली ‘गुस्ताफ वासा’ ही बोट सिल्यानवर दिसली तर तिच्यातून एक फेरी मारा. आणि खांबाभोवती नाचताना पायाखालच्या तालाला अकॉर्डियनची साथ असेल, तर बिनधास्त नाचा. तिथे आता त्याला कोणी अडवत नाही.