शेकोटीभोंवतालची जागा

वाचकहो, ज्युबिलीच्या स्मरणिकेंत चर्चच्या भिंतींचा व घंटेचा इतिहास यावा हें योग्यच. परंतु मुलांच्या सुट्टीलाही इतिहास आहे, आणि तो आम्हां वडील मंडळींस कांहीं शिकवितो. शिबिर म्हणतांच पहाटेचा बिगुल, प्रार्थना, श्रमदान, झाडाखालीं शिकावयाच्या दोरीच्या गांठी, सायंकाळचे खेळ व रात्रींची शेकोटी डोळ्यांपुढें येते. ह्या शेकोटीभोंवतीं कोणास जागा मिळाली व कोणास नाहीं, हें आज आम्ही थोडक्यांत सांगणार आहों.

एकोणिसाव्या शतकांत इटलींतील ट्युरिन शहरीं संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनीं अनाथ व मजूर पोरांस जवळ केलें. शरदृतूंत ते ह्या मुलांस घेऊन बेक्की ह्या आपल्या जन्मस्थानीं, व पुढें मोंफेरातोच्या टेकड्यांतून, पायीं जात. बँड वाजवीत चालावें, गवतावर निजावें, गांवकऱ्यांस नाटक दाखवावें, सकाळीं मिस्सा ऐकून पुढची वाट धरावी, असा तो क्रम होता. १८६४ सालीं ही मंडळी मोर्नेझे गांवीं गेली. तेथें मारिया माझ्झारेल्लो यांची व त्यांची भेट झाली. त्या ओळखीतूनच पुढें १८७२ सालीं मुलींच्या शिक्षणासाठीं भगिनींचा संघ उभा राहिला. ज्यांना सुट्टी म्हणजे काय हेंच ठाऊक नव्हतें, त्यांच्यासाठीं ह्या सहली होत्या.

यानंतर १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनीं वीसेक मुलांचें शिबिर भरविलें. श्रीमंतांच्या शाळांतील मुलें व कामकऱ्यांचीं मुलें त्यांनीं एकत्र केलीं, आणि लांडगा, बैल, डोमकावळा अशा नांवांच्या पथकांत त्यांस वांटून दिलें. शिंग फुंकून उठविणें, माग काढणें, शेकोटीभोंवतीं गोष्टी सांगणें ह्या रीती तेथून जगभर पसरल्या.

हिंदुस्थानांत १९०९ सालीं बंगळूर येथें बालवीर चळवळ सुरू झाली. परंतु आरंभीं ती युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. आमच्या मुलांस दार बंद होतें! तेव्हां १९१७ सालीं ॲनी बेझंट यांनीं मद्रासेंत, व १९१८ सालीं पंडित मालवीय, कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनीं अलाहाबादेस हिंदी मुलांचीं पथकें उभारलीं. आमच्या जुन्या मध्यप्रांतांत नागपूरचे न्यायमूर्ति विवियन बोस यांनीं ह्या कार्यास दीर्घकाळ वाहून घेतलें. १९५० सालीं निरनिराळ्या संस्था एक होऊन ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ जन्मास आली. दार उघडलें, तें असें.

आतां आमच्या कुडव्याकडे वळूं. गोंदिया शहरास लागून असलेल्या ह्या गांवाच्या पलीकडे जंगलपट्टी आहे, आणि तेथें उन्हाळा म्हणजे नुसती सुट्टी नव्हे. मोहफुलें संपतात न संपतात तोंच तेंदूपानांचा हंगाम लागतो. मे महिन्यांतील पहाटे कित्येक पोरें आईबापांसह रानांत असतात व दुपारीं घरीं पानांचीं पुडकीं बांधीत बसतात. त्याच दिवसांत शिबिर भरविलें, तर नियमानें नव्हे पण पंचांगानें हीं मुलें बाहेर राहतात. बंगळूरचें बंद दार आपण आपल्या हातांनीं पुन्हां लावल्यासारखेंच तें होईल.

विदर्भांत शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हां नवतपा सरल्यावर, पानांची खरेदी बंद झाल्यावर शिबिर भरवावें. खेळ व श्रमदान सकाळ-सायंकाळीं ठेवावें. आणि हा तांदळाचा मुलूख असल्यानें फीऐवजीं प्रत्येकानें मूठभर तांदूळ आणावा, म्हणजे एका भांड्यांत सर्वांचा भात शिजेल. शेकोटीचें वर्तुळ शेवटचें मूल येऊन बसल्यावांचून पुरें होत नाहीं, हें आपण विसरूं नये, एवढीच आमची विनंति आहे.