रोमिओ फर्नांडिस : ब्राझीलला गेला, पण एकाच सामन्यात उतरला!

गोव्याचा विंगर रोमिओ फर्नांडिस २०१४ मध्ये आयएसएलच्या पहिल्याच हंगामात एफसी गोवाकडून चमकला. तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते ब्राझीलचे दिग्गज झिको. २०१५ मध्ये धेंपो क्लबने त्याला कुरितिबा शहरातल्या अ‍ॅटलेटिको परानाएन्सकडे लोनवर पाठवलं. तिथे राज्य स्पर्धेच्या एका सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून उतरला. राष्ट्रीय लीगमध्ये संधी मिळाली नाही आणि त्याच वर्षी तो गोव्यात परतला.

लोन म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबकडून खेळणं. नवी भाषा, वेगवान खेळ, संघातली चुरस. जम बसेपर्यंत मुदत संपते. म्हणूनच अशा खेळाडूला ‘फ्लॉप’ म्हणण्याआधी त्याला मैदानावर किती मिनिटं मिळाली, हे पाहायला हवं.