अस्तर का सोलायचं नाही? सायनस शस्त्रक्रियेचा थोडा इतिहास

स्फेनॉइड सायनस म्हणजे नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी असलेली हवेची पोकळी. तिच्या बाजूच्या भिंतीलगत दृष्टीचा मज्जातंतू आणि कॅरोटिड धमनी जाते. काही जणांत त्यांच्यावरचं हाड अगदी पातळ असतं, काहींत जागोजागी नसतंच. या पोकळीचं तोंड बंद झालं की आत श्लेष्मा (सरळ बोलायचं तर शेंबूड) साठत जातो आणि म्युकोसील तयार होतं. हा कॅन्सर नव्हे. पण फुगत फुगत ते हाड झिजवतं, मज्जातंतूवर दाब आणतं. मग एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, कधी नजरच जाते.

याच्या उपचाराचा इतिहास बहुधा असा सांगतात: हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ मध्ये काचेच्या दांड्यांची दुर्बीण शोधली, कार्ल स्टॉर्झ यांच्या कंपनीने ती बाजारात आणली आणि ऑपरेशन सोपं झालं. मला ही साखळी जरा जास्तच गुळगुळीत वाटते. दुर्बीण फक्त दाखवते. काय काढायचं नि काय ठेवायचं, हे कुठून आलं?

जुना दंडक होता, रोगट अस्तर पूर्ण काढा. कॉल्डवेल (१८९३) आणि ल्यूक (१८९७) यांच्या नावाच्या शस्त्रक्रियेत वरच्या ओठाखालून हाड उघडून गालाच्या सायनसमध्ये शिरत, अस्तर खरवडत आणि नाकात नवी खिडकी पाडत. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये वॉल्टर मेसरक्लिंगर मात्र श्लेष्म्याची वाट बघत बसले. अस्तरावरचे सूक्ष्म केस त्याला नैसर्गिक तोंडाकडेच ढकलतात. दुसरं भोक पाडलं तरी तो जुन्याच दाराशी जातो! म्हणजे अस्तर बिचारं आपलं काम करतंय, अडलंय ते दार.

आता हे म्युकोसीलला लावून बघा. दार रुंद करा, साठलेलं वाहू द्या, अस्तर जागेवर ठेवा. स्फेनॉइडमध्ये तर हे फारच मोलाचं, कारण सोलायला गेलात तर त्या अस्तराखाली उघडा मज्जातंतू असू शकतो.

अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी १९८५ मध्ये या पद्धतीला ‘फंक्शनल’ हे विशेषण दिलं. १९८९ मध्ये त्यांच्या गटाचा म्युकोसीलवरचा निबंध ‘लॅरिंगोस्कोप’मध्ये आला. दुर्बिणीपासून तब्बल ३० वर्षं. मधल्या काळात, १९७१ मध्ये, पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅनही झाला होता.

या विषयावर काम करणार असाल तर फक्त कान-नाक-घशाची नियतकालिकं चाळू नका. अशा रुग्णाच्या नाकाला अनेकदा काहीच तक्रार नसते. तो आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. नजर परत येणार का, हे बरंचसं दाब किती लवकर निघाला त्यावर ठरतं. तो गेलेला वेळ शोधायचा तर नेत्रविज्ञानाच्या जुन्या अंकांतही शिरावं लागेल.