प्रतिपिंडांद्वारे ऊतकविघटक एंझाइमांचे स्थाननिर्धारण

ऊतकांतील (समान रचना व कार्य असलेल्या पेशीसमूहांतील) पेशींना आधार देणारी चौकट मुख्यत्वे कोलॅजन ह्या तंतुमय प्रथिनाची असते. तिचे विघटन करणारी एंझाइमे निरोगी व अर्बुदयुक्त ऊतकांत नेमकी कोठे आहेत, हे त्यांच्याशी बद्ध होणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची ही पद्धती होय.

इतिहास : जंबुपार प्रकाशात चमकणारा रंजक प्रतिपिंडास जोडून प्रतिजन शोधण्याची रीत अ‍ॅल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये अमेरिकेत मांडली. १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर यांनी भैकेराच्या (बेडकाच्या डिंभाच्या) शेपटीत कोलॅजिनेज हे एंझाइम शोधून काढले. रूपांतरणात शेपटी नाहीशी होताना ते कार्य करते. जखम भरून येताना व प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्ववत होतानाही अशी एंझाइमे लागतात. म्हणून ती आढळली एवढ्यावरून ऊतक कर्करोगयुक्त ठरत नाही. ऊतकाच्या अर्कावरून एंझाइम किती आहे ते कळे. ते कोणत्या पेशींजवळ आहे, ते कळत नसे.

१९७७ मध्ये यूजीन बाउअर व त्यांचे सहकारी यांनी त्वचेच्या आधारपेशी कर्करोगात प्रतिपिंडांद्वारे कोलॅजिनेजाचा शोध घेतला. ते अर्बुदपेशींच्या पुंजांत नव्हे, तर भोवतालच्या संयोजी ऊतकात आढळले. अर्बुदाच्या प्रसारात शेजारच्या पेशींचाही वाटा असतो, ह्या विचारास त्यामुळे बळ मिळाले.

महाराष्ट्रातील संदर्भ : सुपारी चघळण्याशी निगडित असलेल्या अधःश्लेष्म तंत्वात्मकता ह्या मुखविकाराचे वर्णन मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. अशा तोंडात कर्करोग उद्‌भवतो, अशी नोंद टाटा मेमोरियल रुग्णालयातील जे. सी. पेमास्टर यांनी १९५६ मध्ये केली. ह्या विकारात कोलॅजन साचून तोंड उघडणे कठीण होते. उलट कर्करोगात पेशी तळपटल भेदून खोल शिरतात. साचणे व विघटन ह्यांचा तोल कोठे ढळतो, हे पाहण्यासाठी भारतीय विकृतिवैज्ञानिकांनी ह्या पद्धतीचा उपयोग केला आहे.

मर्यादा : काही प्रतिपिंड एंझाइमाच्या निष्क्रिय पूर्वरूपाशीही बद्ध होतात; त्यामुळे स्थान कळले, तरी कार्य सिद्ध होत नाही. १९९० नंतरच्या दशकात मारिमास्टॅटसारख्या एंझाइमरोधक औषधांच्या चाचण्या अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाल्या नाहीत. ह्या गटातील काही एंझाइमे अर्बुदवाढीस विरोध करतात, असेही पुढे दिसून आले. म्हणून कोणते एंझाइम, कोणत्या पेशींत व रोगाच्या कोणत्या अवस्थेत कार्य करते, हे ठरविणे उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले आहे.