घरबंद मांजराची खाज
नागपूरच्या रामदासपेठेत बंगल्यांच्या जागी सदनिका आल्या, तसे अंगणात उंदरांमागे फिरणारे मांजर चार भिंतींआड राहू लागले, तरी माणसांच्या कपड्यांवरून येणाऱ्या पिसवांपासून ते सुटले नाही. त्याच्या खाजेमागे या पिसवांची ॲलर्जी असू शकते. ॲलर्जी, म्हणजे एरवी निरुपद्रवी पदार्थालाही शरीराने दिलेली अवाजवी प्रतिक्रिया, ही संकल्पना व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये मांडली. पिसवांच्या लाळेच्या ॲलर्जीने मांजराच्या मानेवर व शेपटीच्या बुडाशी बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्या धरतात, आणि बारीक फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर तांबूस पसरले, तर ती पिसवांची रक्तमिश्रित विष्ठा ठरते. पूर्वापार कुत्र्यामांजरांना पिसवांवर एकच औषध लावण्याची सवय मात्र घातक आहे, कारण कुत्र्यांच्या औषधांतील परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही.