दुष्काळ आणि देहाची स्मृति



दुष्काळाचा इतिहास लिहितांना आपण पावसाचे इंच, धान्याचे भाव आणि मेलेलीं गुरें मोजतों. बीड जिल्ह्यांत १९७२ सालची गोष्ट निघाली, कीं आटलेल्या विहिरी, खडीचीं कामें, लाल मिलो आणि सुकडी यांचें स्मरण होतें. पण त्या उपासाची नोंद मातेच्या उदरांतील जिवानें कशी ठेवली असेल, हा प्रश्न आपल्या बखरींत कोठें आला आहे?

देहांतील बहुतेक पेशींत जनुकांचा संच एकच असतो. परंतु कोणतें जनुक केव्हां आणि किती कार्य करील, हें निरनिराळें ठरतें. यासच जनुकांची अभिव्यक्ति म्हणतात. पेटी तीच असली, तरी कोणते सूर दाबले जातात, यावर राग अवलंबून असतो. तसेंच हें आहे. गर्भावस्थेंतील अन्नाचा परिणाम या व्यवस्थेवर होऊं शकतो. हॉलंडमध्यें १९४४-४५ च्या हिवाळ्यांत, महायुद्धामुळें, मोठी उपासमार झाली. त्या दिवसांत गर्भांत आलेल्या माणसांचें रक्त सुमारें साठ वर्षांनीं तपासलें, तेव्हां वाढीशीं निगडित अशा एका जनुकावरील रासायनिक खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षां कमी आढळल्या.

आपल्या महाराष्ट्रांतहि असा शोध चालला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील माता व मुलें यांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकाचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकाचें ३.५ किलो भरलें. तथापि, या कृश बाळांच्या अंगची चरबी त्या मानानें टिकून होती! ज्या मातांच्या रक्तांत फोलेट अधिक आणि ब-१२ जीवनसत्त्व कमी होतें, त्यांच्या मुलांचें शरीर सहाव्या वर्षीं इन्सुलिनला कमी दाद देत होतें. मधुमेहाची वाट येथूनच फुटते. जनुकांवरील खुणा घडविण्याच्या कार्यांत हींच दोन जीवनसत्त्वें लागतात, हें येथें ध्यानांत घ्यावें.

तेव्हां अमक्या मुलखाचे लोक रक्तानेंच दुबळे, असें म्हणून हात झटकणें आतां शोभणार नाहीं. दरसाल बीडमधील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं गांव सोडतात. फडावरील गर्भवतीच्या ताटांत काय पडलें, याचीहि नोंद यापुढें दुष्काळाच्या इतिहासांत झाली पाहिजे.